एका स्वादुपिंडाची गोष्ट : डॉ. डोरोथी अँडरसन

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पोटाच्या तक्रारींचा वाटा मोठा असतो. अलीकडे त्या पत्रांच्या शेवटी एक नवा प्रश्न हमखास दिसू लागला आहे. जनुकोपचाराने हे कायमचं बरं होईल का? कुणाला गहू सोसत नाही, कुणाला वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटी आहे, कुणाला परीक्षा किंवा प्रवास म्हटलं की पोट बिघडतं. लोकांनी असं विचारावं यात नवल नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीला सिकलसेलवरच्या जनुकीय उपचाराला इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्ताच्या आजारांना हे जमतं तर पोटाला का जमू नये, असं कुणालाही वाटेल.

याचं उत्तर दोन ओळींत देता येतं, पण ते पटत नाही. म्हणून आज एका बाईंची गोष्ट सांगतो. त्यांनी जनुकोपचार हा शब्दही कधी ऐकला नसेल, कारण डीएनएची रचना कळली तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. पण पचनाच्या ज्या आजारावर जनुकोपचाराचे पहिले मोठे प्रयत्न झाले, तो आजार गर्दीतून वेगळा काढला तो त्यांनी. त्यांचं नाव डॉ. डोरोथी हॅन्साइन अँडरसन.

आधी ती गर्दी समजून घेऊ. १९३० च्या आसपास न्यूयॉर्कच्या एखाद्या बालरुग्णालयात हातपाय काडीसारखे, पोट फुगलेलं, पातळ, तेलकट आणि अतिशय दुर्गंधी असलेली शी होणारं मूल आलं, की निदान ठरलेलं असे : सिलिअ‍ॅक. सॅम्युअल गी या इंग्लिश डॉक्टरांनी १८८८ मध्ये त्याचं नेमकं वर्णन करून ठेवलं होतं. कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. उपाय होता तो केळ्यांचा. सिडनी हास या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञांनी १९२४ मध्ये मुलांना प्रामुख्याने केळी देऊन बरं केल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आणि केळी गुणकारी आहेत असा समज पक्का झाला. खरं तर मुलं बरी होत होती ती ताटातून पाव गेल्यामुळे. पण ते कळायला अजून पंचवीस वर्षं जायची होती.

काही मुलं मात्र आहार कितीही सांभाळला तरी सुधारत नसत. त्यांना भूक भरपूर असे, खातही ती पोटभर, पण अंगी काही लागत नसे. शिवाय त्यांना सतत खोकला असे. छाती भरत जाई आणि शेवटी न्यूमोनियासारख्या संसर्गाने बहुतेक मुलं शाळेत जायच्या वयाआधीच दगावत. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरही सिलिअ‍ॅक लिहिलं जाई, नाहीतर न्यूमोनिया.

डोरोथीचा जन्म १५ मे १९०१ चा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या अ‍ॅशव्हिल गावचा. वडील मूळचे डेन्मार्कचे. आईवडिलांची ती एकुलती एक मुलगी. तेरा वर्षांची असताना वडील गेले. आई आधीच आजारी, तिची शुश्रूषा या मुलीवर आली. दोघी उत्तरेला व्हरमाँटमधल्या सेंट जॉन्सबरी या छोट्या गावात राहायला गेल्या. १९२० मध्ये आईही गेली. एकोणिसाव्या वर्षी डोरोथीला जवळचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. पुढे आयुष्यभर दिसलेला तिचा स्वावलंबी, काहीसा एककल्ली स्वभाव यातून घडला असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरतो, कारण अशा प्रसंगांतून गेलेली सगळीच माणसं तशी होत नाहीत.

माउंट होलियोक या मुलींच्या महाविद्यालयातून १९२२ मध्ये पदवी घेतल्यावर ती जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेली. तिथे डॉ. फ्लॉरेन्स सेबिन यांच्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. सेबिन म्हणजे त्या संस्थेत पूर्ण प्राध्यापकपदी पोचलेल्या पहिल्या महिला. त्यांच्या हाताखाली डोरोथीने डुकरिणीच्या प्रजनन अवयवांतल्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांवर दोन शोधनिबंध लिहिले. विद्यार्थिदशेतच सूक्ष्मदर्शकावर नजर बसली ती अशी.

१९२६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. वर्षभर रॉचेस्टरला शरीररचनाशास्त्र शिकवलं, मग तिथल्याच स्ट्राँग मेमोरियल रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात इंटर्नशिप केली. पुढची पायरी सर्जन होण्यासाठीच्या निवासी डॉक्टरपदाची. ते पद त्यांना नाकारलं गेलं. कारण त्या बाई होत्या. त्या काळात असं कारण आडवळणाने सांगण्याचीही गरज नसे.

मग त्या न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात विकृतिशास्त्राकडे वळल्या. म्हणजे आपण ज्याला पॅथॉलॉजी म्हणतो ते. १९२९ साल. जिवंत माणसावर सुरी चालवायची नाही तर मृत माणसाच्या अवयवांवर चालवायची, असा हा बदल. १९३५ मध्ये अंतःस्रावी ग्रंथींवरच्या संशोधनासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी त्या कोलंबियाशी संलग्न असलेल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाल्या. तिथेच त्या अखेरपर्यंत राहिल्या.

रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टचं काम बाहेरच्या माणसाला उदास वाटेल. जी मुलं वरच्या मजल्यावर वाचली नाहीत ती खाली येतात. का वाचली नाहीत हे शोधायचं. अशाच एका मुलाचं शवविच्छेदन डॉ. अँडरसन करत होत्या. कागदावर निदान सिलिअ‍ॅकचं होतं. आतडी पाहून झाली, मग स्वादुपिंड पाहिलं. ते नेहमीसारखं मऊ, दाणेदार नव्हतं. जागोजागी व्रण भरून आल्यावर राहतात तसे कडक तंतू, आणि मधे मधे द्रव भरलेल्या बारीक गाठी.

इथे थोडं थांबून स्वादुपिंडाविषयी बोलायला हवं, कारण मधुमेहामुळे या अवयवाचं नाव सगळ्यांना माहीत झालं असलं तरी त्याचं दुसरं काम फारसं माहीत नसतं. इन्सुलिन हे त्याचं रक्तात जाणारं उत्पादन. पण त्याचा बहुतेक भाग पाचकरस तयार करण्यात गुंतलेला असतो. हा रस बारीक नळ्यांतून लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन पडतो आणि त्यातली एन्झाइम्स तूप-तेल, प्रथिनं, पिष्टमय पदार्थ फोडतात. नळ्या तुंबल्या तर दोन गोष्टी होतात. वरून खाल्लेलं अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, न पचता तसेच बाहेर पडतात. शी तेलकट होते ती त्यामुळे. आणि आत अडकलेली एन्झाइम्स ग्रंथीलाच पचवू लागतात. जळालेल्या जागी तंतू धरतात, गाठी होतात. डॉ. अँडरसन यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते हे.

एका मुलाच्या शरीरात एक विचित्र गोष्ट दिसली, तर अनेक जण ती नोंदवून पुढच्या कामाला लागतात. डॉ. अँडरसन यांनी जुन्या नोंदी उपसायला सुरुवात केली. आपल्या रुग्णालयातली पूर्वीची शवविच्छेदनं, जपून ठेवलेल्या काचपट्ट्या, इतर डॉक्टरांनी नियतकालिकांत लिहून ठेवलेल्या, पण एकमेकांशी न जोडलेल्या घटना. तेच स्वादुपिंड, तीच तुंबलेली फुप्फुसं, तोच इतिहास. अशी एकूण ४९ मुलं त्यांनी जमवली. १९३८ मध्ये हा अभ्यास अमेरिकेतल्या बालरोगांच्या एका प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दीर्घ, रुक्ष, तक्त्यांनी भरलेला निबंध आहे तो. त्याचं म्हणणं असं की, सिलिअ‍ॅक म्हणून गणल्या गेलेल्या मुलांतला एक गट मुळात सिलिअ‍ॅकचा नाहीच. हा स्वतंत्र आजार आहे, तो स्वादुपिंडात दिसतो, आणि पोट व छाती या दोन वाटणाऱ्या तक्रारी एकाच आजाराच्या आहेत. स्वादुपिंडातल्या गाठी आणि तंतू यांवरून त्यांनी त्याला नाव दिलं ते आजही चालतं : सिस्टिक फायब्रोसिस.

त्या पहिल्याच होत्या का? अगदी काटेकोरपणे नाही. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०५ मध्ये, जन्मतःच आतडं घट्ट मळाने अडलेल्या बाळाच्या स्वादुपिंडातला बिघाड लिहून ठेवला होता. झुरिकच्या ग्वीडो फॅन्कोनी यांनी १९३६ मध्ये स्वादुपिंड आणि फुप्फुसं एकत्र बिघडलेली मुलं वर्णन केली होती. पण विखुरलेले तुकडे एकत्र आणून, जन्मल्या दिवसापासून वेगवेगळ्या वयांत हा आजार कसा दिसतो याचा पूर्ण नकाशा मांडला तो डॉ. अँडरसन यांनी. त्याबद्दल त्यांना मीड जॉन्सन पुरस्कार मिळाला.

त्यांची एक चूकही सांगायला हवी. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत म्हणून या मुलांत अ जीवनसत्त्व कमी पडतं, हे त्यांना बरोबर कळलं. पण त्याच कमतरतेमुळे फुप्फुसं बिघडतात, असा तर्क त्यांनी पुढे केला. तो टिकला नाही. फुप्फुसांतला चिकट कफ हा त्याच मूळ बिघाडाचा दुसरा भाग होता, जीवनसत्त्वाच्या अभावाचा परिणाम नव्हे. तोवर जे माहीत होतं त्यावरून हा तर्क मुळीच वेडगळ नव्हता. पण कारण शोधणं आणि आजार ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांची ताकद दुसऱ्यात होती.

आजार केवळ मृत शरीरात ओळखून काय उपयोग, हा पुढचा प्रश्न. पॅथॉलॉजिस्टने तो स्वतःला विचारायलाच हवा असं नाही. डॉ. अँडरसन यांनी विचारला. त्यांनी रसायनशास्त्रातल्या लागतील त्या चाचण्या आत्मसात केल्या. तोंडातून बारीक नळी आतड्याच्या सुरुवातीपर्यंत सोडायची, तिथला रस काढायचा आणि त्यात स्वादुपिंडाची एन्झाइम्स आहेत का ते तपासायचं, अशी पद्धत त्यांनी बसवली. लहान मुलासाठी ही चाचणी त्रासाचीच होती. पण आता मूल जिवंत असताना निदान होऊ लागलं. निदान झालं की प्राण्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क जेवणाबरोबर द्यायचा, प्रथिनं जास्त आणि स्निग्ध पदार्थ कमी असा आहार ठेवायचा, जीवनसत्त्वं वेगळी द्यायची. पेनिसिलिन हाती आल्यावर त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉ. पॉल दि सांत-आन्येसे यांनी ते फवाऱ्याच्या रूपात श्वासावाटे देऊन पाहिलं आणि १९४६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तळघरातली पॅथॉलॉजिस्ट आता वॉर्डातल्या मुलांची डॉक्टर झाली होती.

अशा कामाच्या माणसाविषयी लोक काय बोलत होते ते ऐकण्यासारखं आहे. केस विस्कटलेले, प्रयोगशाळा पसाऱ्याने भरलेली, ओठांत सिगारेट आणि तिची राख कुठेही. सहकाऱ्यांत याची चर्चा होई. बाईच्या कामापेक्षा तिच्या केसांवर अधिक वेळ घालवण्याची ही खोड काही न्यूयॉर्कपुरती नाही. न्यू जर्सीच्या किटॅटिनी डोंगरांत त्यांनी एक शेतघर घेतलं होतं. तिथली शेकोटीची चूल त्यांनी स्वतः बांधली, छपराचं काम स्वतः केलं. सुतारकाम, डोंगर चढणं, होडी वल्हवणं यांची त्यांना मनापासून आवड. लग्न केलं नाही. सुट्टीला तरुण सहकाऱ्यांना शेतावर बोलवायच्या आणि पाहुण्यांनाही कामाला लावायच्या.

त्यांचा दुसरा नाद होता हृदयांचा. शवविच्छेदनात सापडणारी, जन्मतः सदोष असलेली बालहृदयं त्या नीट जपून ठेवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हृदयावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा सर्जन मंडळींच्या ध्यानात आलं की, सदोष हृदय आतून कसं असतं हे आपल्याला माहीतच नाही. मग ते डॉ. अँडरसन यांच्याकडे शिकायला आले. ज्यांना सर्जन होऊ दिलं नव्हतं, त्या बाई आता सर्जनांना हृदयाची रचना शिकवत होत्या.

सिस्टिक फायब्रोसिसची कुटुंबं त्यांच्याभोवती वाढत गेली, तसं त्यांना आणखी काही दिसू लागलं. एकाच घरात दुसरं, तिसरं मूलही त्याच आजाराचं. आईवडील मात्र ठणठणीत. १९४६ मध्ये त्यांनी रिचर्ड हॉजेस यांच्यासह अशा कुटुंबांचा हिशेब मांडला आणि हा आजार आनुवंशिक आहे, तोही अप्रभावी पद्धतीने येतो, असं दाखवलं. अप्रभावी म्हणजे काय? प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते आणि माणसाला काही होत नाही. आई आणि वडील दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असेल, तर दर खेपेला चारात एक शक्यता की बाळाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच येतील. जनुक म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हेही तेव्हा सर्वमान्य नव्हतं. पण हा आजार एका जनुकापाशी येऊन थांबतो, इतकं कागदावर आलं.

आता पुन्हा त्या उरलेल्या गर्दीकडे पाहू, म्हणजे खऱ्या सिलिअ‍ॅकच्या मुलांकडे. त्यांचं उत्तर सापडलं हॉलंडमध्ये. हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि या काळात त्यांची सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली. पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५० मध्ये युट्रेक्ट विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात डिके यांनी गव्हाकडे बोट दाखवलं. पुढे ग्लुटेन हे प्रथिन दोषी ठरलं. एका नावाखाली वावरणारे दोन आजार बारा वर्षांच्या अंतराने असे पुरते सुटे झाले. एकाचं मूळ जनुकात, दुसऱ्याचं ताटात. अर्थात ताटातल्या आजारातही जनुकांचा हात असतो. त्याकडे पुढे येतोच.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हाने ग्लानी येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिसची मुलं नजरेत भरण्याइतकी होती. डॉ. अँडरसन आणि वॉल्टर केसलर यांनी १९५१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. दि सांत-आन्येसे यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि १९५३ मध्ये दाखवून दिलं की, या मुलांच्या घामात मीठ प्रमाणाबाहेर असतं. युरोपातल्या आयाबायांना हे शतकानुशतकं माहीत होतं. ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेताना खारट लागतं ते बाळ जगत नाही, अशी तिकडे जुनी समजूत होती. आता त्या समजुतीतून चाचणी निघाली. आतड्यात नळी घालायला नको, घामाचे चार थेंब पुरेत. १९५९ मध्ये त्वचेवर सौम्य विद्युतप्रवाहाने औषध मुरवून घाम आणण्याची पद्धत निघाली. आजही जगभर निदानासाठी मुख्यतः तीच वापरतात.

डॉ. अँडरसन १९५८ मध्ये पूर्ण प्राध्यापक झाल्या. त्याआधी, १९५६ मध्ये, त्यांनी यकृतात सदोष ग्लायकोजेन साठण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार ओळखला. त्याला आज अँडरसन आजार म्हणतात. शेवटच्या वर्षांत त्या सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या तरुणांविषयी लिहू लागल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी हा विषयच अस्तित्वात नव्हता, कारण या आजाराचं मूल तरुण होतच नसे. फुप्फुसांच्या कर्करोगाने ३ मार्च १९६३ रोजी त्या गेल्या. वय ६१. आयुष्यभर इतरांची फुप्फुसं तपासणाऱ्या या बाईंची सिगारेट मात्र सुटली नव्हती.

गोष्टीचा पुढचा भाग त्यांनी पाहिला नाही. १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या चमूंनी ते जनुक सातव्या गुणसूत्रावर शोधून काढलं. सीएफटीआर हे त्याचं नाव. पेशीच्या भिंतीत क्लोराइड ये-जा करण्यासाठी जी खिडकी लागते, तिची कृती या जनुकात लिहिलेली असते. खिडकी बिघडली की बाहेरच्या स्रावात पाणी कमी पडतं. नळ्यांतला रस खळीसारखा घट्ट होतो. स्वादुपिंड, आतडं, फुप्फुसं, सगळीकडे एकच कथा. सर्वांत जास्त आढळणाऱ्या बिघाडात १४८० अमिनो आम्लांच्या साखळीतलं ५०८ वं अमिनो आम्ल गळालेलं असतं. एवढीच चूक.

मग काय, चांगलं जनुक नेऊन घालायचं! वर्षभरातच प्रयोगशाळेतल्या पेशींत ते जमलं. १९९३ मध्ये सर्दी आणणाऱ्या अडेनोव्हायरसला निरुपद्रवी करून त्याच्या पाठीवर जनुक लादलं आणि रुग्णांच्या नाकात व श्वासनलिकेत सोडलं. तेव्हाचा उत्साह विचारू नका. पण परिणाम काही दिवसांत ओसरे, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या विषाणूवर तुटून पडे. ब्रिटनमध्ये विषाणूऐवजी स्निग्ध वेष्टनात गुंडाळलेलं जनुक वर्षभर दर महिन्याला श्वासातून दिलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना नुसतं पाणी दिलं होतं त्यांच्यापेक्षा या रुग्णांच्या फुप्फुसांची क्षमता किंचित बरी राहिली, इतकंच. उपचार म्हणून वापरता येईल एवढा तो फरक नव्हता.

आणि हे सगळं फुप्फुसासाठी. पोटाकडे वळलं की अडचण आणखी वाढते, आणि वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. आज जनुक घातलेली पेशी पुढच्या आठवड्यात शीवाटे गेलेली असते. टिकाऊ दुरुस्ती करायची तर अस्तराच्या खोल खाचांत बसलेल्या मूळपेशींपर्यंत पोचावं लागतं, आणि वाटेत आम्ल, एन्झाइम्स, चिकट श्लेष्मा आणि अब्जावधी जिवाणू यांची फौज उभी. स्वादुपिंडाची गत तर याहून वाईट. या आजारात त्याची नासाडी बाळ पोटात असतानाच सुरू होते. जळून गेलेल्या ग्रंथीत चांगलं जनुक घालायला पेशीच उरलेल्या नसतात. २०१३ मध्ये युट्रेक्टच्याच संशोधकांनी दोन रुग्णांच्या आतड्याच्या मूळपेशी काढून, क्रिस्पर तंत्राने त्यांतलं जनुक दुरुस्त करून, बशीत इवलीशी आतडी वाढवली आणि खिडकी उघडल्याचं दाखवलं. बशीतून परत पोटात नेणं मात्र अजून जमलेलं नाही.

हे झालं एका जनुकाच्या आजाराचं. सिलिअ‍ॅकचं काय? त्यात एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं लागतात. पण ती साधारण तीस ते चाळीस टक्के लोकांत असतात आणि आजार होतो तो जेमतेम एका टक्क्याला. म्हणजे ती बिघडलेली जनुकं नव्हेत, निरोगी माणसांचीच जनुकं आहेत. दुरुस्त काय करणार? ज्याला सिलिअ‍ॅक आहे त्याने गहू, जव, राय वर्ज्य करावी. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ एवढं वैविध्य असताना हे पथ्य डचांपेक्षा आपल्याला सोपं जायला हरकत नाही. मात्र रक्ततपासणी होण्याआधी स्वतःहून गहू सोडू नका, नाहीतर तपासणी फसते. आयबीएस आणि अ‍ॅसिडिटीत तर अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि त्यावर खाणं, झोप, ताण, जंतू यांचा थर. जनुकोपचाराला तिथे नेम धरायला एक जागा नाही. कुणी पोटाच्या या तक्रारींवर जनुकोपचाराच्या नावाने पैसे मागत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतो, असं आपल्या डॉक्टरांनाही दीर्घकाळ वाटत आलं. तो आपल्याकडे आहे. मूल खातं पण वजन धरत नाही, शी तेलकट, खोकला हटत नाही. अशा मुलाला कधी कुपोषित म्हटलं जातं, कधी क्षयाची औषधं सुरू होतात, कधी दमा म्हटलं जातं. हे निदान बऱ्याचदा बरोबरही असतं. पण उपचार नीट चालू असूनही मूल सुधारत नसेल, किंवा बाळाचा मुका खारट लागतो असं आजी सांगत असेल, तर घामाची तपासणी कुठे होते हे बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. सगळ्या गावांत ती होत नाही, मोठ्या शहरात जावं लागतं.

जनुकोपचार अडखळला, तसा दुसरा रस्ता निघाला. जनुक तसंच ठेवायचं आणि त्यातून निघालेली वाकडी खिडकी गोळीने सरळ करायची. असं पहिलं औषध २०१२ मध्ये आलं, तीन औषधांचं एकत्रित रूप २०१९ मध्ये. ५०८ च्या बिघाडाच्या रुग्णांना त्याने कमालीचा फायदा होतो. किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि आपल्याकडच्या रुग्णांत तो बिघाड युरोपीयांपेक्षा कमी प्रमाणात असल्याने सगळ्यांना ती औषधं लागूही पडत नाहीत.

२०२२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एक घटना नोंदली गेली. गर्भातल्या बाळाला सिस्टिक फायब्रोसिस होता आणि सोनोग्राफीत त्याचं आतडं अडलेलं दिसत होतं. लँडस्टायनरनी १९०५ मध्ये लिहिलं होतं तेच. आई स्वतः निरोगी, फक्त एका बिघडलेल्या प्रतीची वाहक. तिने ती तीन औषधं बाळासाठी घेतली, आणि बाळ जन्माला येण्याआधीच आतड्यातला अडथळा सुटला. गरोदरपणात ही औषधं घेतलेल्या, स्वतः सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या दुसऱ्या एका आईच्या बाळालाही हाच आजार होता. त्याचं स्वादुपिंड जन्मल्यावर तपासलं, तर ते नेहमीसारखं काम करत होतं.